जयवंताबाईंचा परिचय

सोपान मास्तरांच्या खिशाला लाल पेन कायम असायचं. लग्नाला गेले तरी असायचं. पत्रिकेत चूक दिसली की तिथल्या तिथं रेघ मारून दाखवायचे, आणि वरबापाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मास्तर जेवायला आलेत का तपासायला, असं कुणीतरी विचारायचं. मग त्यांच्या बायको जयवंताबाई मागून म्हणायच्या, "घरात मिठाच्या डब्यावरची चिठ्ठीसुद्धा तपासलीय त्यांनी. जेवू द्या बिचाऱ्यांना."

निरवांगीच्या पुढं एक वस्ती आहे. तिथली शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी जयवंताबाईंकडं, तिसरी-चौथी सोपान मास्तरांकडं. दोघं एकाच गाडीवर यायचे आणि एकाच डब्यात जेवायचे. दोन वर्गांच्या मधे भिंत होती, पण तिला काही अर्थ नव्हता. बाईंचा आवाजच तसा होता. पलीकडं त्यांनी पहिलीला पाढे सांगायला घेतले की अलीकडं चौथीची पोरंसुद्धा ओठ हलवायची. मास्तर कितीदा तरी उठून सांगायला जायचे, की अहो, जरा हळू. बाई म्हणायच्या, "हळू सांगितलेलं कुणाच्या ध्यानात राहतंय?"

गेल्या माघात तापाचं निमित्त झालं. आधी इंदापूरला नेलं, मग बारामतीला नेलं, आणि तिथून बाई परत आल्या नाहीत. तेव्हापासून ती भिंत मास्तरांना भिंतीसारखी वाटायला लागली.

बाईंच्या जागेवर जूनमध्ये राजलक्ष्मी आली. ती बारामतीकडची, कऱ्हाटीची. वय तिशीच्या आतबाहेर, स्कूटीवर यायची, आणि आल्याआल्या शाळेतल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून बघायची. बाईंच्या वर्गातल्या आढ्याला दोरीचा एक फास अजून लोंबत होता. हा कशाचा, असं तिनं पहिल्या आठवड्यात विचारलं. जुना आहे, एवढंच मास्तर बोलले. त्यांना तो रोज दिसायचा, म्हणून त्याचं काही वाटायचं नाही.

राजलक्ष्मी एआय वापरते हे कळल्यावर मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. फोनला विचारून शिकवायचं तर आपण कशाला पाहिजे, असं त्यांनी खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाईला सांगितलं. रंगूबाईनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी बघितलंय का ती काय करती ते?" मास्तरांनी बघितलं नव्हतं. मग ते रोज दारात उभे राहून बघायला लागले.

एका वर्गात एकाला अक्षर ओळखता येत नाही आणि दुसरी धडा घडाघडा वाचते. त्यात ऊसतोड मजुरांची पोरं दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निघून जातात. सगळ्यांना सरावाचा एकच कागद देऊन चालत नाही. जयवंताबाई असे तीन-चार तऱ्हेचे कागद हातानं करायच्या, रात्रभर बोटं दुखायची. राजलक्ष्मी ते एआयकडून करून घ्यायची. पण आलेला कागद तिनं कधी जसाच्या तसा मुलांच्या हातात दिला नाही. आधी स्वतः वाचायची, खोडायची, आपली गावं आणि आपली पिकं घालायची. मुलांची नावं किंवा फोटो मात्र त्या फोनमध्ये कधी टाकायची नाही. लोकाची लेकरं आहेत, ती कुठं जातील काय सांगावं, असं तिचं म्हणणं.

एकदा गणितात आलं, की एका बैलगाडीत बारा किलो ऊस मावतो. तिनं ते खोडलं नाही. तेवढंच गणित मास्तरांच्या परवानगीनं चौथीच्या फळ्यावर लिहिलं आणि म्हणाली, ह्यात काहीतरी चुकलंय, शोधा. वर्गात हशा झाला. छकुली नावाची मुलगी उठून म्हणाली, "बाई, बारा किलो तर आमची आजी डोक्यावर आणती. बैल कशाला पाहिजेत?"

राजलक्ष्मी म्हणाली, "बरोबर हाय. ह्यानं जगातलं लई वाचलंय, पण ऊस बघितलेला न्हाय. तुमी बघितलाय. म्हणून ह्यानं काय बी सांगितलं तरी आधी तपासायचं."

मास्तर दारात उभे होते. त्यांचा हात नकळत खिशातल्या लाल पेनाकडं गेला. पोरांना चूक काढायला शिकवणारी ही पहिलीच शिक्षिका त्यांनी पाहिली. एरवी शिक्षकांची सगळी धडपड आपली चूक पोरांना दिसू नये ह्यासाठी असते. त्या दिवसापासून ते तिला मॅडम म्हणायला लागले, आणि ते मनापासून होतं.

मग माघ जवळ आला. प्रथम पुण्यस्मरण ठरलं. आमच्याकडची रीत अशी, की सकाळी कीर्तन, दुपारी बारा वाजता फोटोवर फुलं, मग जेवणं. फुलांच्या आधी गेलेल्या माणसाचा परिचय वाचून दाखवतात, आणि तोच मजकूर गावाच्या फाट्यावर फ्लेक्सवर लागतो. मुलगा दिग्विजय बारामतीला एमआयडीसीत कामाला. मंडप, महाराज, आचारी सगळं त्यानं बघितलं. मास्तरांकडं एकच काम दिलं, आईचा परिचय लिहायचा.

ज्या माणसानं गावाचे अर्ज, भाषणं, मानपत्रं लिहिली, त्याला स्वतःच्या बायकोवर चार ओळी लिहिता येईनात. मास्तर कागद घेऊन बसायचे. नाव लिहायचे, माहेर लिहायचे, नोकरीला लागल्याचं साल लिहायचे, आणि पुढं हात चालायचा नाही. काय लिहायचं? ती भाकरी थापताना पाढे म्हणायची, हे लिहायचं? गाडीवर मागं बसून सगळ्या रस्त्यानं भांडायची, हे? असलं कुणी परिचयात लिहीत नाही. आणि परिचयात जे लिहितात ते लिहायला गेलं की बाईंचा चेहरा डोळ्यांपुढून जायचा.

दिग्विजयचा फोन आला, की आप्पा, फ्लेक्सवाला मजकूर मागतोय. मास्तर चावडीसमोरच्या लिंबाखाली बसले होते. त्यांनी स्वतःच्या फोनवर एआय उघडलं. राजलक्ष्मीनंच ते घालून दिलं होतं. नाव, गाव, नोकरी, ऊसतोड मजुरांची मुलं शाळेत येतात, एवढं लिहिलं, आणि पुण्यस्मरणासाठी परिचय दे म्हणून सांगितलं.

घोटभर चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मजकूर आला. तो वाचताना मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं गोड कुणी बाईंबद्दल बोललं नव्हतं. जयवंताबाई शांत आणि मृदुभाषी होत्या, असं त्यात होतं. शाळेत त्यांनी नवनवीन उपक्रम राबवले. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, त्या स्वतः दारोदार फिरल्या आणि मुलांना हाताला धरून शाळेत आणलं. त्यांच्या कार्याची दखल घेऊन त्यांना जिल्ह्याचा आदर्श शिक्षिका पुरस्कार देण्यात आला.

पुरस्काराच्या ओळीवर मास्तर थांबले. पुरस्कार मिळाला नव्हता. पुरस्कारासाठी आपल्या कामाची फाइल आपणच करून पाठवायची असते. मास्तर दरवर्षी मागं लागायचे आणि बाई दरवर्षी तेच उत्तर द्यायच्या, की माझं कौतुक मीच लिहू? मला लाज न्हाय व्हय? बाईंपेक्षा निम्मं काम केलेल्यांच्या घरात ती शाल आणि तो नारळ गेला होता. मास्तरांना ते सलायचं. आता फोनच्या काचेवर बाईंना पुरस्कार मिळालेला होता. जन्मभर दुसऱ्याच्या चुका लाल करणाऱ्या माणसानं ती ओळ पुन्हा वाचली, आणि पेन खिशातच राहू दिलं. मजकूर दिग्विजयला पाठवून दिला. दिग्विजयचं उत्तर आलं, की आप्पा, किती छान लिहिलंय तुम्ही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लासुर्ण्याच्या एका शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय एआय, आणि शिकवायला राजलक्ष्मी. तालुक्यातल्या काही शाळांचे शिक्षक बाकांवर दाटीवाटीनं बसले होते. मास्तरांच्या शेजारी गोकुळ बसला. पट जास्त होता तेव्हा गोकुळची पहिली नेमणूक मास्तरांच्याच शाळेत, तिसरा शिक्षक म्हणून झाली होती, आणि पहिलीचा वर्ग कसा धरायचा हे त्याला जयवंताबाईंनी शिकवलं होतं. शाळेत बाई आणि शाळेबाहेर वैनी, असं तो त्यांना म्हणायचा. तंबाखूची पुडी वर्गात सापडली तेव्हा बाईंनी ती त्याच्यादेखत विहिरीत टाकली होती. त्यानंतर त्यानं तंबाखू सोडली नाही, पण त्या शाळेत पुन्हा नेली नाही.

राजलक्ष्मीनं मोठाले शब्द वापरले नाहीत. तिनं विचारलं, फ्लेक्सच्या दुकानात कोण कोण गेलंय. सगळेच गेले होते.

"त्याच्याकडं मजकूर तयार असतो," ती म्हणाली. "प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू. नाव बदलायचं, फोटो बदलायचा. माणूस कसा का असंना. एआयचं बरंचसं तसंच हाय. कुठल्या शब्दामागं बहुतेक कुठला शब्द येतो, हे त्याला लाखो मजकूर वाचून पाठ झालंय. म्हणून त्याची भाषा गुळगुळीत असते. पण माहिती नसेल तिथं ते जागा कोरी सोडत न्हाय. तिथं शोभेल असं काहीतरी भरून टाकतं. खोटं बोलायचं म्हणून न्हाय. त्याला खऱ्या-खोट्यातला फरकच कळत न्हाय. तो आपल्याला कळला पाहिजे."

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी खाली बघितलं.

मग तिनं सगळ्यांना कामाला लावलं. आपल्याकडं पूर्वी सावड असायची. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. ती म्हणाली, तपासायचं काम सावडीनंच करायचं. आपला मजकूर आपल्याला गोड लागतो, म्हणून तो शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्यानं एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, हे कुणी पाहिलं? पाहणारा माणूस सापडला तर वाक्य ठेवायचं. विचारून कळण्यासारखं असेल तर खूण करून ठेवायची आणि विचारायला जायचं. कुणीच पाहिलेलं नसेल तर काढायचं, कितीही गोड असलं तरी.

गोकुळनं सव्वीस जानेवारीचं भाषण एआयकडून करून आणलं होतं. मास्तरांनी ते वाचलं आणि लासुर्ण्याच्या किल्ल्यावर येऊन थांबले. लासुर्ण्याला किल्ला कुठला, असं त्यांनी विचारलं. गोकुळ म्हणाला, "मला वाटलं असंल कुठंतरी उसात झाकलेला." बाकावरची मंडळी हसली. मास्तरांनी लाल रेघ मारली. बऱ्याच दिवसांनी हाताला बरं वाटलं.

"आता तुमचं आणा," गोकुळ म्हणाला.

मास्तरांकडं दुसरं काही नव्हतं. काही आणलं नाही, असं म्हणता आलं असतं. ते तसं म्हणणारही होते. पण समोर राजलक्ष्मी एका वयस्क बाईंजवळ वाकून, न कंटाळता, तेच पुन्हा समजावून सांगत होती, आणि तिच्या पुढ्यात बसून खोटं बोलणं त्यांना जमेना. त्यांनी फोन काढला आणि गोकुळच्या हातात दिला.

गोकुळनं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला त्याच्या तोंडून निघून गेलं, "वैनी? मृदुभाषी?" आणि तो मास्तरांकडं भीत भीत बघायला लागला.

मास्तरांना हसू आलं. आधी पोटात आलं, मग ओठावर, मग आवाज फुटला. वर्ष होत आलं होतं त्यांना असं हसून. "अरे, ती हाक मारायची तर पाटावरच्या म्हशी माघारी वळायच्या," ते म्हणाले. गोकुळ म्हणाला, "म्हशी कशाला? मी वळायचो." मग दोघंही डोळे पुसत बसले, आणि कशासाठी पुसतोय हे एकमेकांना विचारलं नाही.

पुढची ओळ उपक्रमांची होती. गोकुळनं नियमानं विचारलं, हे कुणी पाहिलं? आणि स्वतःच म्हणाला, "मी पाहिलं. पण ह्यात तर कुठला उपक्रम ते लिहिलंच न्हाय. ती झोळी कुठंय?"

कोपीवरची मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण आई-बाप उसाच्या फडात गेले की धाकटं पोर सांभाळायला तीच असे. बाईंनी तिला सांगितलं, पोर घेऊनच ये. वर्गात आढ्याला दोरी बांधली, स्वतःची साडी फाडून झोळी केली, आणि शिकवता शिकवता एका हातानं झोका द्यायच्या. गोकुळ नवीन होता. त्याला वाटलं होतं, तपासणीला साहेब आले तर काय म्हणतील. साहेब आले. बाईंनी झोक्याची दोरी त्यांच्या हातात दिली आणि फळ्याकडं वळल्या.

मास्तर ऐकत राहिले. तो फास रोज डोळ्यांपुढं होता. राजलक्ष्मीनं विचारलं तेव्हा ते जुना आहे म्हणाले होते. लिंबाखाली कागद घेऊन बसले तेव्हाही त्यांना तो आठवला नव्हता. त्यांना वाटत होतं, ते परिचयात लिहिण्यासारखं नाही.

बोलण्याच्या नादात मधली कोप्यांची ओळ तशीच राहून गेली, आणि पुरस्काराची ओळ आली. गोकुळला सगळं माहीत होतं. तो हळू म्हणाला, "ही राहू द्या. कोण इचारतंय? मिळायलाच पाहिजे होता त्यांना." आणि त्यानं त्या ओळीवरून बोट पुढं नेलं.

तेवढ्यात राजलक्ष्मी त्यांच्या बाकाशी आली. मजकूर कशाचा आहे हे तिला दिसलं. तिनं सगळा वाचला. पुरस्काराबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिनं कोप्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सर, बाईंना मी पाहिलेलं न्हाय. मला बोलायचा अधिकार न्हाय. पण एवढंच विचारते. पुण्यस्मरणाला रंगूमावशी पुढं बसलेल्या असतील. त्यांच्यासमोर हे वाक्य वाचणार कोण?"

कोप्यांवर दरवर्षी रंगूबाई जायची. थंडीत, दिवस उगवायच्या आत, मुकादमाच्या शिव्या खाऊन, एकेका पोराला ती घेऊन यायची. हे त्यांनीच राजलक्ष्मीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पुरस्काराची ओळ वाचताना त्यांना निदान कळत होतं की हे खरं नाही. ही ओळ वाचताना त्यांना तेवढंही कळलं नव्हतं. बाईंना देता देता रंगूबाईचं काढून घेतलंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

राजलक्ष्मी पुढच्या बाकाकडं गेली. ती काही बरोबर-चूक सांगून गेली नाही. तिनं प्रश्न विचारला आणि उत्तर त्यांच्याकडं ठेवलं. पुढं मास्तर सगळ्यांना हेच सांगायचे, की मोठी शिक्षिका कशी ओळखावी तर अशी.

लासुर्ण्याहून परतताना ते घरी न जाता शाळेवर गेले. रंगूबाई पातेली घासत होती. मास्तर पायरीवर बसले आणि तिला ती ओळ वाचून दाखवली. हे मशीननं लिहिलं आणि मी पाठवून दिलं, असं सांगितलं.

रंगूबाईनं हात धुतले. "आसू द्या की," ती म्हणाली. "बाईंच्या नावावर ऱ्हायलं तर माझं काय कमी हुतंय?"

"तसं न्हाय चालायचं," मास्तर म्हणाले. "बाई कधी आल्या होत्या का तुझ्याबरोबर कोप्यांवर?"

रंगूबाई हसली. एकदा आल्या होत्या, असं तिनं सांगितलं. पण बाईंनी लांबूनच हाक मारली आणि सगळी पोरं उसात पळाली. तेव्हापासून बाईच म्हणाल्या होत्या, "रंगू, आणायचं काम तुझं. ठेवून घ्यायचं काम माझं." आणि ठेवून घेतलं त्यांनी, रंगूबाई म्हणाली. आलेलं पोर परत गेलं न्हाय.

मास्तरांनी तिथंच, पायरीवर, खिशातून कागद काढला. आता हात थांबेना. लिहून झाल्यावर त्यांनी दिग्विजयला फोन लावला आणि फ्लेक्स छापू नको म्हणून सांगितलं. पोरगं नाराज झालं. आईचं एवढं चांगलं लिहिलेलं का बदलायचं, हे त्याला कळेना.

"आप्पा, पुरस्कार तरी राहू द्या. आईला मिळायला पाहिजे होता का न्हाय?"

"पाहिजे होता."

"मग?"

"मिळाला न्हाय. दोन्ही गोष्टी लिहिल्यात मी. का मिळाला न्हाय ते पण लिहिलंय." मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दिग्विजय, ते पहिलं मी चार वेळा वाचलं. लई गोड हाय. पण त्यातली बाई माझ्या ओळखीची न्हाय रे. ती कधी माझ्या गाडीवर बसलेली न्हाय."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "नवीन पाठवा," तो म्हणाला. "फ्लेक्सवाल्याला मी सांगतो."

पुण्यस्मरणाच्या दिवशी ऊन चांगलं होतं. मंडप शाळेच्या मैदानात घातला होता. कीर्तन झालं. महाराजांनी हातात फुलं घ्यायला सांगितली, आणि परिचय वाचायला राजलक्ष्मी उभी राहिली. मास्तरांनीच तिला गळ घातली होती. आपण वाचायला लागलो तर मधेच बसू, हे त्यांना माहीत होतं. फोटोच्या शेजारी, पुढच्या रांगेत, गोकुळनं रंगूबाईला धरून बसवलं होतं. ती सारखी मागं जायला बघत होती.

राजलक्ष्मीनं वाचलं, की जयवंताबाईंचा आवाज मोठा होता. मंडपात आधी चुळबूळ झाली, की पुण्यस्मरणाला हे काय. मग तिनं म्हशींचं वाचलं आणि मागच्या बाजूला बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू पुढं सरकत आलं. कुणीतरी म्हातारा बोललाच, "व्हय, खरं हाय. आमच्या रानात ऐकू यायचं." बाईंनी पहिलीचं एकही पोर वाचता आल्याशिवाय पुढं सोडलं नाही, हे तिनं वाचलं तेव्हा मंडपातली कितीतरी मोठी झालेली पोरं ताठ बसली. पुरस्काराचं वाचलं, की तो मिळाला नाही, कारण स्वतःचं कौतुक स्वतः लिहायला त्या तयार नव्हत्या. तिथं कुणी हसलं नाही. कोप्यांवरून मुलं आणायचं काम रंगूबाईंचं आणि ठेवून घ्यायचं काम बाईंचं, हे वाचलं तेव्हा रंगूबाईनं खाली मान घातली आणि बोटांनी फूल चुरगाळत बसली.

शेवटी झोळी आली. राजलक्ष्मीनं वाचलं, "आपली पिवळी साडी फाडून बाईंनी वर्गात झोळी बांधली."

"निळी," रंगूबाई म्हणाली.

राजलक्ष्मी थांबली. सगळा मंडप पुढच्या रांगेकडं बघायला लागला. दिग्विजय पुढं वाकून मावशीला गप्प करायला निघाला होता. पण रंगूबाईची मान वर आली होती. "निळी व्हती, मास्तर. पिवळी न्हाय. मी धरली व्हती एका बाजूनं, फाडताना."

हातात फुलं घेऊन सगळे तसेच थांबले. बारा वाजत आले होते, महाराज घड्याळाकडं बघत होते. मास्तरांनी डोळे मिटले. निळी. इंदापूरच्या बाजारातून त्यांनीच दिवाळीला आणली होती. बाईंनी ती एकदाच नेसली आणि शाळेत फाडली. त्यावरून घरी केवढं भांडण झालं होतं. "अहो, साडी परत मिळंल, पोरगी परत मिळायची न्हाय," असं बाई म्हणाल्या होत्या, आणि शेजारपाजारच्यांनी ते ऐकलं होतं. मास्तरांना आता तो आवाज आला. भिंतीपलीकडून यायचा तसाच आला.

ते उठले. राजलक्ष्मीजवळ गेले, तिच्या हातातला कागद घेतला, खिशातून लाल पेन काढलं, आणि सगळ्या मंडपासमोर पिवळीवर रेघ मारून वर निळी असं लिहिलं. कागद तिला परत दिला.

"आता वाचा मॅडम," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं वाचा."